रेकॉर्डिंगने भरलेला सेट-टॉप बॉक्स: आधी काय आवरावे, मग काय हटवावे

प्रश्न (संक्षेपाने): आमच्याकडे ५०० जीबी हार्ड डिस्कचा, रेकॉर्डिंगची सोय असलेला डीटीएच बॉक्स आहे. सासूबाईंच्या मालिका, सासऱ्यांचे क्रिकेट आणि गाण्याचे कार्यक्रम त्यावर रेकॉर्ड होतात. बॉक्स सतत ‘डिस्क भरली आहे’ असे सांगतो. मालिकांचे कितीतरी भाग हटवले, तरी जागा फारशी वाढत नाही. उलट सासऱ्यांच्या काही जुन्या मैफली कोणीही न हटवता नाहीशा झाल्या. नणंदेने भाग घेतलेल्या पाककृतींच्या कार्यक्रमाचा एक भागही त्यावर आहे आणि तो कायमचा जपायचा आहे. डिस्क फॉरमॅट करावी का? आणि निवडक भाग पेन ड्राइव्हवर घेता येतील का? (कोथरूड, पुणे)

उत्तर:

फॉरमॅट करण्याची घाई करू नये. आपण सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही लक्षण डिस्क बिघडल्याचे नाही. या सर्व तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे आणि ते झालेल्या रेकॉर्डिंगच्या यादीत सापडणार नाही, पुढच्या वेळापत्रकाच्या यादीत सापडेल. प्रत्येक बॉक्सच्या मेनूत या दोन याद्या वेगळ्या असतात. घरातील मंडळी पहिली यादी उघडून हटवाहटवी करत राहतात आणि दुसरी यादी महिनोन्‌महिने कोणी उघडूनही पाहत नाही. नळ चालू ठेवून टाकी उपसण्याचाच हा प्रकार होतो. म्हणून आधी वेळापत्रक आवरावे, मग साठा आवरावा, आणि हा क्रम उलटा करू नये. बॉक्स कोणत्या कंपनीचा आहे हे आपण लिहिलेले नाही, पण त्याने फारसे अडत नाही. २००८ साली टाटा स्काय प्लस आला तेव्हापासून आजपर्यंत मेनूंची रूपे आणि बटणांचे रंग पुष्कळ बदलले, आतला हिशेब मात्र जवळपास तोच राहिला आहे. कोणत्या रंगाच्या बटणाने काय होते हे पडद्याच्या तळाशी लिहिलेले असते. ते वाचूनच बटण दाबावे.

वेळापत्रकाच्या यादीत दोन प्रकारच्या नोंदी दिसतील. एकेरी रेकॉर्डिंगची नोंद काम झाले की आपोआप निघून जाते, त्यामुळे तिचा त्रास नसतो. खरा प्रश्न मालिका-रेकॉर्डिंगचा आहे. ‘सिरीज’ हा पर्याय निवडला की, सिग्नलबरोबर येणाऱ्या कार्यक्रमांच्या गाइडमध्ये त्या वाहिनीवर ते नाव जिथे जिथे दिसेल तिथे तिथे बॉक्स रेकॉर्डिंग करतो. मराठी वाहिन्यांवर रात्रीच्या मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी, आणि पुष्कळदा दोन्ही वेळा, पुन्हा दाखवला जातो. गाइडमध्ये त्या पुनःप्रक्षेपणाला वेगळी खूण दिलेली नसेल, तर बॉक्सच्या लेखी तिन्ही भाग नवेच असतात आणि तो तिन्ही जपून ठेवतो. सासूबाईंच्या एखाद्या मालिकेची यादी उघडून रेकॉर्डिंगच्या वेळा पाहाव्यात. रात्रीचे आठ, सकाळचे सात आणि दुपारचे दोन अशा वेळा आलटून पालटून दिसल्या तर निदान झालेच म्हणून समजावे.

यावर उपाय दोन आहेत. ‘फक्त नवे भाग’ किंवा ‘फक्त याच वेळेचे भाग’ असा पर्याय बॉक्समध्ये असेल, तर तो निवडावा. तो नसेल, तर मालिका-रेकॉर्डिंग रद्द करून वार आणि वेळ स्वतः घालून, उदाहरणार्थ सोमवार ते शनिवार रात्री ८ ते ८.३५, असे ठरावीक वेळेचे रेकॉर्डिंग लावावे. दुसऱ्या उपायाची एक उणीव आहे: रविवारी जाहीर होणारा तासा-दोन तासांचा महाएपिसोड त्यात येत नाही आणि मालिकेची वेळ बदलली तर बॉक्सला त्याचा पत्ता लागत नाही. सासूबाईंना महाएपिसोड चुकणे परवडणारे नसेल, तर त्याची एकेरी नोंद त्या आठवड्यात वेगळी करावी. एवढी तसदी घेणे तिप्पट साठा सांभाळण्यापेक्षा पुष्कळ सोपे पडते.

वेळापत्रक पाहताना संपून गेलेल्या मालिकांच्या नोंदीही काढून टाकाव्यात. त्या जागा खात नाहीत, परंतु त्या नावाची मालिका वर्ष-दोन वर्षांनी दुपारच्या वेळेत पुन्हा दाखवायला घेतली की नोंद जागी होते आणि पाहिलेले भाग नव्याने साठू लागतात. वाहिन्यांच्या पॅकमध्ये केलेला बदल हेही एक कारण असते. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायची नवी दरपद्धती फेब्रुवारी २०१९ पासून आली आणि वाहिन्या निवडून घेण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून लोक पॅक वरचेवर बदलतात, मात्र वेळापत्रक बदलायचे राहून जाते. बंद केलेल्या वाहिनीवरची नोंद तशीच राहिली, तर बॉक्स रोज ठरल्या वेळी प्रयत्न करतो, अपयशी ठरतो आणि अपूर्ण रेकॉर्डिंगची एक ओळ यादीत टाकतो. त्या ओळींच्या गर्दीत कामाचे काही सापडत नाही.

कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर किती जादा मिनिटे रेकॉर्ड करायची, हीही एक सेटिंग असते. कार्यक्रमाचा शेवट तुटू नये म्हणून कोणीतरी ती मिनिटे वाढवून ठेवतो आणि ती सगळ्याच कार्यक्रमांना लागू होतात. अर्ध्या तासाच्या मालिकेला आधी ५ आणि नंतर १० मिनिटे जोडली, तर प्रत्येक भाग दीडपट होतो. शिवाय लागोपाठच्या दोन मालिका वेगळ्या वाहिन्यांवर असतील, तर त्यांच्या वेळा एकमेकींवर चढतात आणि एकाच वेळी किती वाहिन्या रेकॉर्ड करता येतील ही मर्यादा ओलांडली जाऊन तिसरेच एखादे रेकॉर्डिंग वगळले जाते. मालिकांसाठी आधी २ आणि नंतर ५ मिनिटे पुरेशी आहेत. क्रिकेटचा सामना मात्र पावसाने किंवा षटकांच्या संथ गतीने लांबतो, म्हणून त्या एका नोंदीपुरता शेवटी एक तास वाढवून घ्यावा.

आता साठ्याकडे वळू. येथे थोडे गणित केल्याशिवाय आपल्या मुख्य शंकेचे उत्तर मिळणार नाही. सिग्नल जसा येतो तसाच, पुन्हा न दाबता, डिस्कवर उतरवला जातो. त्यामुळे रेकॉर्डिंगचा आकार वाहिनीच्या बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती माहिती येते यावर, ठरतो. सेकंदाला १ मेगाबिट या दराने तासाला ४५० एमबी होतात. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचा दर सर्वसाधारणपणे अडीच मेगाबिटच्या आसपास धरला, तर तासाला १.१ जीबी लागतात. एचडी वाहिनीचा दर ७ मेगाबिट धरला, तर तासाला सव्वातीन जीबीच्या जवळपास लागतात. खेळाच्या वाहिन्यांना वेगवान हालचालींमुळे सहसा याहूनही अधिक दर द्यावा लागतो. म्हणजे एसडीवरच्या अर्ध्या तासाच्या मालिकेचा एक भाग अर्ध्या जीबीहून थोडा मोठा, तर कसोटी सामन्यातील एका दिवसाचा एचडी खेळ, उपाहार आणि चहापान धरून साडेसात तासांचा, २३ ते २४ जीबीचा. त्या एका दिवसाच्या जागेत मालिकेचे सुमारे ४० भाग मावतात. पाच दिवसांची पूर्ण कसोटी ११५ ते १२० जीबी घेते आणि वीस-वीस षटकांचा सामनाही १२-१३ जीबी घेतो. आपण मालिकांचे कितीतरी भाग हटवले आणि तरी आकडा हलला नाही, याचे कारण बहुधा एवढेच आहे की ४० भाग हटवून डिस्कचा जेमतेम पाच टक्के भाग मोकळा होतो.

मालिका एचडी वाहिनीवरून रेकॉर्ड होत असेल आणि तिची पुनःप्रक्षेपणेही उतरत असतील, तर चित्र निराळे असते. तेव्हा एक भाग १.६ जीबीचा होतो, महिन्याचे २६ भाग ४१ जीबीपर्यंत जातात आणि तिप्पट होऊन एकच मालिका महिन्याला १२० जीबीच्या घरात पोहोचते. मालिकेसाठी एसडी वाहिनी पुरेशी आहे की नाही हा प्रश्न सासूबाईंना विचारूनच सोडवावा. माझ्या मते पडदा ३२ इंचांपर्यंतचा असेल, तर पुरेशी आहे.

‘५०० जीबी’ या आकड्यातही थोडी वजाबाकी आहे. डिस्क बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात, यंत्र १०२४च्या हिशेबाने मोजते, म्हणून ५००चे ४६५ दिसतात. त्यातून चालू कार्यक्रम थांबवून पुन्हा पाहण्याच्या सोयीसाठी काही जागा राखून ठेवलेली असते आणि काही कंपन्या आपले चित्रपट परस्पर डिस्कवर पाठवण्यासाठीही एक कप्पा राखतात. हे कप्पे आपल्याला रिकामे करता येत नाहीत. त्यांच्या मागे लागू नये.

सासऱ्यांच्या मैफली कशा गेल्या, हे यावरूनच समजेल. जागा संपत आली की काय करायचे, याविषयी बॉक्सला दोनच मार्ग माहीत असतात: जुने रेकॉर्डिंग आपोआप पुसून नवे घेणे किंवा नवे घेण्यास नकार देणे. बऱ्याच बॉक्समध्ये पहिला मार्ग आधीपासूनच निवडलेला असतो. पुसताना बॉक्स तारीख पाहतो, कार्यक्रमाची योग्यता पाहत नाही. दूरदर्शन सह्याद्रीवरून कधीतरी उतरवलेली मैफल सर्वांत जुनी असते, म्हणून पहिला बळी तिचा जातो आणि तिच्या जागी कालच्या मालिकेचे दुपारचे पुनःप्रक्षेपण येऊन बसते. अशा प्रकारे गेलेले रेकॉर्डिंग परत आणण्याचा मार्ग घरगुती ग्राहकापाशी नाही. काही नव्या बॉक्समध्ये ‘अलीकडे हटवलेले’ असा कप्पा असतो. तो एकदा पाहून घ्यावा, परंतु जागेची टंचाई असताना तो कप्पाही सर्वांत आधी रिकामा होतो.

उरलेल्या मैफली वाचवण्यासाठी प्रत्येकीवर ‘कीप’ किंवा ‘लॉक’ची खूण करावी. रेकॉर्डिंग निवडून माहितीचे बटण दाबले की हा पर्याय दिसतो आणि नावापुढे कुलपाचे चिन्ह येते. हे काम आजच, बाकी काहीही करण्याआधी करावे. मात्र सापडेल त्याला कुलूप लावत सुटू नये. कुलपे वाढली की आपोआप पुसायला बॉक्सकडे काही उरत नाही आणि मग नवे रेकॉर्डिंग होतच नाही. ज्या घरी ‘काल सामना रेकॉर्डच झाला नाही’ अशी तक्रार असते, तिथे पुष्कळदा ही कुलपांची रांगच दिसते. कुलूपबंद साठा डिस्कच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे जाऊ देऊ नये.

प्रत्यक्ष हटवताना यादी तारखेनुसार न लावता आकारानुसार लावावी. तशी सोय नसेल, तर कालावधी पाहावा. सर्वांत वर पाहिलेले सामने येतील. सामन्याचा निकाल ठाऊक झाल्यावर तो पुन्हा पाहणारे लोक थोडे असतात, पण सासऱ्यांना विचारल्याशिवाय हे गृहीत धरू नये. पुण्यात आणखी एक मोठी वस्तू सापडते, ती म्हणजे गणेश विसर्जन मिरवणुकीचे थेट प्रक्षेपण. मिरवणूक कित्येकदा चोवीस तासांच्या पलीकडे चालते आणि उत्साहाने लावलेले ते रेकॉर्डिंग एसडीवरही पंचवीस-तीस जीबी अडवून वर्षभर पडून असते. त्यानंतर अपूर्ण किंवा फसलेली रेकॉर्डिंग काढावीत, मग दुहेरी-तिहेरी भाग आणि सर्वांत शेवटी मालिकांचे पाहिलेले भाग.

मालिकेच्या भागांचा फोल्डर हटवताना बॉक्स जो प्रश्न विचारतो तो नीट वाचावा. हाच एक भाग, फोल्डरमधील सर्व भाग आणि सर्व भागांसह पुढील रेकॉर्डिंगही, असे तीन वेगवेगळे पर्याय एकाखाली एक असतात. तिसरा पर्याय चुकून निवडला गेला, तर त्या रात्रीपासून मालिका रेकॉर्ड होणे बंद होते आणि घरात दोन दिवस अकारण वातावरण तापते. उलट, सर्व भाग हटवले म्हणजे पुढील रेकॉर्डिंगही थांबले, अशी समजूतही बऱ्याच बॉक्सवर चुकीची ठरते. चालू असलेले रेकॉर्डिंग हटवू नये. आधी ते थांबवावे, मग हटवावे. एकदम पन्नास भाग निवडून हटवण्याची सोय असली, तरी सात-आठ भागांचे गट करून हटवावे आणि प्रत्येक गटानंतर यादी नव्याने दिसेपर्यंत थांबावे.

हटवल्यानंतर टक्केवारी लगेच कमी झाली नाही, म्हणून घाबरू नये. हटवताना बॉक्स प्रथम आपल्या अनुक्रमणिकेतील नोंद काढतो आणि मोकळ्या जागेचा हिशेब सवडीने, पुष्कळदा स्टँडबायमध्ये गेल्यावर, करतो. म्हणून मोठी आवराआवर झाल्यावर बॉक्स रिमोटने स्टँडबायवर टाकून रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळीही आकडा जुनाच दिसला, तर कोणतेही रेकॉर्डिंग चालू नसताना मेनूतून रीस्टार्ट करावे. प्लग ओढून रीस्टार्ट करण्याची सवय वाईट. डिस्क त्या क्षणी अनुक्रमणिका लिहीत असेल, तर ती अर्धवट राहते. मग नोंद नाही आणि जागाही सुटत नाही, अशी अडकलेली रेकॉर्डिंग तयार होतात. ‘डिस्क तपासा’ किंवा ‘डिस्क दुरुस्त करा’ असा पर्याय मेनूत असल्यास तो अशाच प्रसंगासाठी असतो आणि तो फॉरमॅटच्या आधी वापरावा.

याच संदर्भात विजेविषयी बोलणे आवश्यक आहे. झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करण्याची आपल्याकडील शिस्त टीव्हीला चालते, रेकॉर्डिंगच्या बॉक्सला चालत नाही. स्टँडबायमध्ये बॉक्स ठरल्या वेळी जागा होऊन रेकॉर्डिंग करतो, गाइड ताजी करतो आणि डिस्कची झाडलोट करतो; भिंतीवरचे बटणच बंद असेल, तर यातले काहीच होत नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार अशी सूचना आली असेल, तर त्या वेळेच्या आधी बॉक्स स्टँडबायवर टाकून मग बटण बंद करावे आणि वीज आल्यावर तो आपोआप सुरू झाला की नाही हे पाहावे. इन्व्हर्टर असेल, तर बॉक्सची जोडणी त्यावर घेणे उत्तम. बॉक्सवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी ठेवलेली असेल, तर ती काढावी. वरच्या झरोक्यांतून डिस्कची उष्णता बाहेर पडते, आणि डिस्कचे आयुष्य कमी करणाऱ्या कारणांत उष्णता फार वर आहे.

डिस्क खरोखरच बिघडली आहे का, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. जे रेकॉर्डिंग अडखळते ते पुन्हा पाहावे आणि कोणत्या मिनिटाला काय होते याची नोंद करावी. चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, पण मिनिटांचा आकडा पुढे सरकत राहतो, असे असेल, तर दोष सिग्नलमध्ये होता आणि तो तसाच रेकॉर्ड झाला आहे. डीटीएचचे प्रक्षेपण केयू बँडमध्ये, म्हणजे १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर होते आणि मुसळधार पाऊस या लहरी शोषून घेतो. जून ते सप्टेंबरमधील अशी रेकॉर्डिंग सरळ हटवावीत. पावसाळ्याबाहेरही हेच होत असेल, तर डिशची दिशा तपासून घ्यावी. याउलट, आकडाच जागच्या जागी थांबतो, रिमोट प्रतिसाद देत नाही आणि दोन वेगवेगळ्या रेकॉर्डिंगमध्ये असे वारंवार घडते, तर डिस्कचा काही भाग खराब झाला आहे असे समजावे. जोडीला टकटक असा लयीत आवाज येऊ लागला, तर नवीन काही साठवू नये. जे पाहायचे राहिले आहे ते आधी पाहून घ्यावे आणि कंपनीकडे तक्रार नोंदवावी. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, म्हणजे तपकीर गल्लीतून, मोठी डिस्क आणून स्वतः बसवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. बॉक्स कंपनीच्या मालकीचा किंवा वॉरंटीतला असेल, तर त्याचे झाकण उघडूच नये, आणि तसा नसला तरी बरेच बॉक्स अनोळखी डिस्क स्वीकारत नाहीत.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय कधी करावा? वेळापत्रक आवरले, मोठी रेकॉर्डिंग हटवली, रात्रभर स्टँडबायवर ठेवले, दुरुस्तीचा पर्याय वापरला आणि तरीही यादीत दिसणाऱ्या रेकॉर्डिंगची बेरीज व भरलेली जागा यांत मोठी तफावत राहिली, तेव्हा करावा. त्यापूर्वी वेळापत्रकाच्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. डिस्क फॉरमॅट करणे आणि बॉक्स मूळ स्थितीत आणणे या दोन निराळ्या क्रिया आहेत: पहिलीत रेकॉर्डिंग जातात, कुलूपबंदही जातात, दुसरीत वाहिन्यांची पसंती, पिन आणि वेळापत्रक जाते, आणि काही बॉक्सवर रेकॉर्डिंगही जातात. फोनवरचा मदतनीस ‘एकदा रीसेट करून पाहा’ असे म्हणाला, तर यांपैकी नेमकी कोणती क्रिया, हे त्याला स्पष्ट विचारावे.

पेन ड्राइव्हच्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने नकारार्थी आहे. डिस्कवरील रेकॉर्डिंग सांकेतिक स्वरूपात लिहिलेले असते आणि ते उलगडण्याची किल्ली त्या बॉक्सशी किंवा त्यातील कार्डाशी जोडलेली असते. त्यामुळे डिस्क काढून संगणकाला लावली तरी काही दिसत नाही, आणि बॉक्स बदलून मिळाला तर जुना साठा नव्यात येत नाही. पुष्कळ योजनांत तर रिचार्ज संपला की आपलीच रेकॉर्डिंगही चालेनाशी होतात. ज्या बॉक्समध्ये अंतर्गत डिस्क नसते आणि यूएसबीवर बाहेरची डिस्क लावून रेकॉर्डिंग करतात, तिथेही हाच नियम आहे. तसा बॉक्स पुढेमागे घेतलात, तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, बॉक्स ती डिस्क सुरुवातीलाच फॉरमॅट करतो, म्हणून लग्नाचे किंवा मुलांचे फोटो असलेली डिस्क तिथे चुकूनही लावू नये. दुसरी, ती डिस्क नंतर संगणकाला लावली, तर संगणकही तिला ओळखत नाही आणि ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी पाटी दाखवतो. तिथे होकार दिला की सारी रेकॉर्डिंग गेली.

राहता राहिला नणंदेचा भाग. त्यावर कुलूप लावाच, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण ज्या डिस्कवर तो आहे ती एक दिवस बंद पडणारच आहे. प्रथम त्या वाहिनीच्या अधिकृत ॲपवर आणि यूट्यूब वाहिनीवर कार्यक्रमाचे नाव व प्रक्षेपणाची तारीख घालून शोध घ्यावा. पाककृतींच्या कार्यक्रमांचे जुने भाग तिथे पुष्कळदा मिळतात. रेकॉर्डिंगच्या माहितीत तारीख आणि वेळ असते, ती आजच वहीत टिपून घ्यावी. शोधात न मिळाल्यास कार्यक्रमाच्या निर्मात्यांकडे सहभागी व्यक्ती या नात्याने नणंदेनेच प्रतीची विनंती करावी. तिच्या विनंतीला आपल्यापेक्षा अधिक वजन असते. एचडीएमआय वायरीतून दुसऱ्या यंत्रावर उतरवण्याचा प्रयत्न करू नये, त्या मार्गावर एचडीसीपी या नक्कल रोखणाऱ्या व्यवस्थेचे संरक्षण असते आणि ते तोडणाऱ्या उपकरणांची मी शिफारस करत नाही. घरच्या आठवणीपुरते हवे असेल, तर खोलीत अंधार करून, मोबाइल स्टँडवर पडद्यासमोर नीट सरळ ठेवून तो भाग चित्रित करावा. टीव्हीची चमक निम्म्यावर आणावी, मोबाइलच्या कॅमेऱ्याचा फोकस आणि एक्सपोजर (प्रकाशाचे प्रमाण) लॉक करावे आणि पंखा बंद ठेवावा, म्हणजे आवाज स्वच्छ येतो. चित्र मूळच्या तोडीचे येणार नाही, परंतु ती फाइल आपली असेल आणि ती दोन ठिकाणी ठेवता येईल.

हटवण्यावर पिन लावण्याची सोय बॉक्समध्ये असेल, तर ती लावावी असे मी सुचवीन. कार्यक्रम संपला की ‘हटवायचे का?’ असा प्रश्न पडद्यावर येतो आणि उत्तरावर आधीच ‘होय’ निवडलेले असते. चष्मा नसताना ओकेचे बटण दाबले गेले की भाग जातो. पिन सासूबाईंना आणि सासऱ्यांना दोघांनाही सांगून ठेवावा, नाहीतर प्रत्येक वेळी आपल्यालाच हाक मारली जाईल. डिस्कचा पाचवा हिस्सा नेहमी मोकळा राहील, अशा बेताने दर पंधरवड्याला एकदा दोन्ही याद्या पाहाव्यात; वेळापत्रक एकदा नीट लावले की त्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.